जाड ठसा

खणातलं सगळ्यात दणकट घराणं हे.
मेपलच्या लाकडाचे तळहाताएवढे खिळे,
उभा दांडा पिंपासारखा,
आणि टोकांना सुरीच्या धारेइतकी बारीक पावलं.
एवढा देह त्यांवर कसा तोलतो,
देव जाणे.

इंगेबोर्ग म्हणते, याला कुजबुजता येत नाही.
लिलाव, सर्कस, हरवलेली घोडी,
गवळ्यांचा संप,
तिथे याला पुढे कर.
चार शब्दांच्या वर लावलास
तर वाचणाऱ्याला धाप लागेल.

आर एकच उरलाय, तोही पाय तुटका.
मजकुरात दोन आर आले
की आम्ही मजकूर बदलतो.
विस्कॉन्सिनात कुणी तक्रार केलेली नाही.

मंगळवारी टिल्डा ओल्सरूड आली,
नवऱ्याच्या दफनाची चिठ्ठी घेऊन.
मी नाजूक, तिरपा टाइप काढला. रीतच तशी.
"तो नको," म्हणाली,
"शेवटी शेवटी एस्किलला
बारीक काही दिसत नव्हतं."

आडनावात आर होता.
तुटकाच बसवला, खाली पुठ्ठ्याचा तुकडा सारून.

चर्चच्या दारावर शाई अजून ओली,
बर्फ तिरका पडत होता,
आणि रस्त्यापलीकडून, चष्म्याशिवाय,
नाव लागत होतं.