कानस

शेफील्ड, १८७१ची शिरगणती :
एनॉक स्टॅनिफोर्थ, फाईल कटर.
हेस्टर समजली, खापरपणजोबा कुठल्याशा कचेरीत
कागद कापायचे.

मग बंद पडलेल्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्यानं
तिच्या तळहातावर कानस ठेवली.
‘दातन् दात छिन्नीनं पाडलेला, बाई.
मागचा दात छिन्नीला लागला
की हातोडा. बघायचं काय त्यात?’

खाली शिशाचा ठोकळा.
भुकटी बोटांना, बोटं पावाला.
‘शिसं आधी मनगट खातं,’ म्हणाला.

एकुलत्या फोटोत एनॉकचा उजवा पंजा
लोंबतोय, ओल्या मोज्यासारखा.
मागे तिचंच पेन्सिलीतलं अक्षर :
‘उभं राहण्यात जरा आळस.’

तिनं ते खोडलं.
कानस अंगठ्याच्या नखावर ओढली एकदा.

अजून खाते.