आतली भिंत

मेचा तिसरा आठवडा, भुसावळ, दुपारचे दोन.
बाहेर शेहेचाळीस.
आमच्या देव्हाऱ्यातलं तूप
वाटीत घट्ट बसलेलं.

हेमराजने घर बांधलं केळीच्या चेंबरसारखं.
सावद्याला त्याचे सहा चेंबर,
भिंतींत चार इंच फोम, दाराला रबर, आत सोळा अंश,
हिरवा आत गेलेला घड पाचव्या दिवशी पिवळा बाहेर.
माणसंही तशीच राहतील, असं वाटलं असावं त्याला.
पाहुणा आला की आधी बाहेरची भिंत वाजवून दाखवतो,
कलिंगड घेताना वाजवतात तशी.
मग पॅसेजमधला पॅनेल:
खोली तितके आकडे.

नानांचा एकतीस.
वाफेच्या इंजिनावर फायरमन होते ते,
भट्टीच्या तोंडाशी उमेद गेली.
सव्वीसवर म्हणतात, "मले हिव लागतं, बापा,"
आणि भर उन्हाळ्यात स्वेटर मागतात.
रुजुताचा एकोणीस.
दुलईतून नाक बाहेर, आणि सीएचं पुस्तक.
आमच्या खोलीत चोवीस. हा त्याचा. माझा सत्तावीस,
तो पॅनेलवर कधी चढला नाही.
स्वयंपाकघराला आकडाच नाही.
विचारलं तर म्हणाला,
तिथे कोण झोपतं?

पहिल्याच महिन्यात आकडे ऐकेनासे झाले.
नाना एकतीस मागायचे, मिळायचे अठ्ठावीस.
रुजुताची खोली एकोणीसवरून
हळूच बावीसला यायची,
मशीन घुंईघुंई चालूच.

इरफान पिंजारी आला.
आजोबा गाद्या पिंजायचे, हा एसी लावतो.
भिंतींवर लाल ठिपका फिरवला, चहा घेतला,
आणि म्हणाला, भाभी,
बाहेरच्या भिंती तुमच्या पक्क्या आहेत,
आतल्या साध्या विटेच्या.
गारव्याला बाहेर पडायला वाट नाही,
उन्हाला आत यायला नाही,
मग जे काय आहे ते
ह्या खोलीतून त्या खोलीत जातं.
घर जेवढं बंद, तेवढ्या खोल्या
एकमेकींत मिसळतात.
हेमराज म्हणाला, आतही फोम भरू.
चेंबरला भरतोच की,
एकाचा गॅस दुसऱ्यात गेला
तर पुढच्या आठवड्याचा माल आजच पिकतो.
कोटेशन आलं. फ्रिजवर
केळ्याच्या चुंबकाखाली लावलं.

त्याच आठवड्यात मला कळलं,
सातव्या चेंबरसाठी त्याने माझी एफडी मोडलीय.
सही मीच केली होती म्हणे,
कागदांच्या गठ्ठ्यात, पोळ्या लाटता लाटता.
पीठ लागलेला अंगठा
झेरॉक्सवरही ओळखू येत होता.

मी पाहुण्यांच्या खोलीत गेले.
दार लावलं. सत्तावीस.
पहिल्यांदाच माझा आकडा पॅनेलवर,
हिरवा, लुकलुकता.
पलीकडे त्याचे चोवीस.
मध्ये चार इंच वीट, त्यावर पुट्टी,
त्यावर त्यानेच निवडलेला फिकट रंग.

चौथ्या रात्री पाणी प्यायला उठले.
पॅनेलवर दोन्ही खोल्या
साडेपंचवीस.
मी काही बदललं नव्हतं.
त्यानेही नाही, असं तो म्हणतो.

परत येऊन भिंतीला तळवा लावला.
गार होती, त्याच्या बाजूने.
किती वेळ लावून ठेवला, मोजलं नाही.
माफ केलं असं नाही.
एफडीचं अजून बोलायचंय,
व्याजासकट.

सकाळी नानांनी दार सताड उघडं टाकलं,
रुजुता आतून ओरडली,
हेमराज कोटेशनपाशी उभा, कॅल्क्युलेटर घेऊन.
भरताची वांगी मी गॅसवर ठेवली,
साल तडकू दिली,
धूर फार झाला तेव्हा
रबर लावलेली खिडकी दोन्ही हातांनी ओढली,
आणि सगळं भुसावळ
झळांसकट, कोळशाच्या जुन्या वासासकट
ओट्यापर्यंत आत आलं.
नाना म्हणाले,
आता कसं बरं वाटतंय.