गेम मोड, गोळीबार चौक

मे महिना. दुपारचे तीन.
शटर अर्धं खाली, कूलरमध्ये दुसरी बादली ओतलेली,
आणि चेतस पौनीकर काउंटरवर फोन टाकतो,
तव्यावरून उचललेली भाकर टाकावी तसा.
“ताई, गेम मोड लावूनही अटकून राह्यला.
संध्याकाळी मॅच आहे न माझी.”

कव्हर काढते. पाठीचा चटका बसतो.
खेळ लावून बघते : साठ फ्रेम, मग अठ्ठावन्न,
सातव्या मिनिटाला एकदम अडतीस.
त्याचा शिपाई भिंतीत अर्धा शिरून उभा.

सांगते त्याला,
हे बटण नवा जोर आणत नाही रे.
चिप तीच, बॅटरी तीच.
ते बाकीच्यांना गप्प बसवतं.
मेसेज दाराबाहेर, कॉल आला तरी चिडीचूप,
मागची पाच-सात कामं झोपवायची
अन् सगळी हवा एकाच खोलीकडे.
फरक पडतो थोडा. पडतोच.
पण शेहेचाळीस डिग्रीत
फोन आपणहून हात आखडता घेतो.
जळण्यापेक्षा हळू बरं,
एवढं त्याला कारखान्यातच शिकवलेलं असतं.

बोलता बोलता थांबले.

आमच्या घरी होतं हे बटण.
निलयची बारावी.
बाबांनी दोन ते पाच माग बंद ठेवला.
अख्ख्या गल्लीत खटखट, आमचंच घर मुकं.
शेजारच्या निखारेकाकू विचारायला आल्या,
कोणी गेलं का हो?
कुकरला शिट्टी नाही.
आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या.
कूलरचं तोंड त्याच्या टेबलाकडे.
मी पलीकडच्या खोलीत, बंद पडलेला रेडिओ उघडून
कथील वितळवत बसलेली, आवाज न करता.
आयटीआयचा फॉर्म वहीत होता.
शेवटची तारीख आली नि गेली.
सूचना बंद होत्या.

निलयला एकोणसत्तर टक्के पडले.
परवा पुण्याहून बोलताना म्हणाला,
“घर इतकं शांत होतं ना, तायडे,
की मला माझा घाम ऐकू यायचा.
पेपरात तेच. हात चालेचना.”
मी म्हटलं, हं.
सोल्डरिंग गन गरम होती, ठेवली बाजूला.

“ताई?”

हो. ऐक.
चार्जर लावून खेळू नको. उजेड कमी कर.
कूलरच्या जाळीपुढे धरशील तर पाणी शिरेल,
मग माझ्याकडेच येशील रडत.
आणि हे बघ, इथे अपवाद आहे :
एक नाव टाक,
त्याचा कॉल खेळातही वाजेल.

“एकच?”
तू टाकशील तितकी. पण एक तरी.

तो स्क्रीनवर अंगठा धरून उभा.
उडी मारायची तर अर्धा सेकंद लावत नाही हा पोरगा.
बाहेर कुणाचा तरी माग सुरू झाला,
दुसरा, तिसरा.

“किती झाले, ताई?”
काही नाही.
कव्हर तेवढं इथंच राहू दे.