मातीचा नमुना

राजमती मगदूम
कसबे डिग्रजहून माती घेऊन आल्या
साडीच्या दुकानाच्या पिशवीतून.
वर सोनेरी अक्षरांत शुभमंगल,
आत अर्धा किलो शेत.

नमुना कसा घ्यायचा, त्यांना पाठ होतं.
नागमोडी चालत दहा जागी खड्डे, वीतभर खोल,
सगळ्याचा एक ढीग, ढिगाचे चार भाग,
समोरासमोरचे दोन टाकायचे.
उरलेल्याचे पुन्हा चार.
"टाकून टाकून हातात राहिलं ते आणलंय."

सामू आठ पूर्णांक नऊ, मी म्हणाले,
वाहकता पाचच्या वर.
त्यांनी आकडे ऐकलेच नाहीत.
"जिभंवर ठेवून बघितलीया मी.
आमटीत पडली तर वरनं मीठ नको."

मग सांगत बसल्या.
लाईट रात्रीची येती,
माणूस बटण दाबून झोपतो,
पाणी एकटंच जागं ऱ्हातं उसात.
वरच्या रानातलं उतरतं माझ्यात,
माझ्यातलं खालच्यात.
सकाळी सरीच्या डोक्यावर पांढरं फूल.
"आमीबी तेच केलं की तीस वर्सं,
पोत्यानं युरिया, फडाला काडी.
यंदा नांगरामागं एक बगळा आला न्हाई.
म्हणून आले."

मी शिफारस लिहिली:
धैंचा पेरून गाडा. पाचट सरीतच कुजवा.
जिप्सम. ठिबक.
निचऱ्याचे पाइप जमिनीखालून ओढ्यापर्यंत.
"ओढ्यापर्यंत पाच जणांची रानं हायत,"
त्या म्हणाल्या,
"पाच सह्या कुठल्या खतानं येत्यात तेबी लिवा."

चहा आला.
तळाशी साखर राहिली की
मी बोटानं चाटते एरवी.
त्या दिवशी राहू दिली.

दोन पावसाळ्यांनंतर तीच पिशवी.
शुभ पुसलं गेलेलं, मंगल शिल्लक.
सह्या तीन झाल्या, चौथा पोराच्या लग्नानंतर बघू म्हणतोय,
पाचवा बोलत नाही.
सामू आठ पूर्णांक सहा.
अजून क्षारपडच, मी म्हणाले. खोटं कसं बोलू.

नियम असा की नमुन्यातले
खडे, मुळं, किडे काढून टाकायचे.
चाळणीवर माती ओतली तर
ढेकळातून एक गांडूळ निघालं,
बोटाएवढं, ओलं,
सांगलीपर्यंत एसटीनं आलेलं.

राजमतीबाईंनी ते उचललं,
रुमालात थोडी माती घेतली,
वर गांडूळ, वर परत माती.
"ह्याला परत न्यायला पायजे," म्हणाल्या
आणि अहवालासाठी थांबल्याच नाहीत.
साडेचारची गाडी होती.