थकबाकी

वीज कंपनीच्या थकबाकी विभागात
एकोणीस वर्षं बसते आहे मी.
कुणाचं किती, कधीपासून,
विलंब आकार धरून एकूण किती,
हे डोक्याआधी बोटांना कळतं.

म्हणून मेयोच्या खाटेवरून आई म्हणाली,
'कोराडीच्या मायचं एक लुगडं बाकी हाय माह्याकडं,'
तेव्हा सवयीनंच विचारलं, 'कोणत्या सालापासून?'
'तुले टायफाइड झालता. तवापासून.'

म्हणजे सत्त्याऐंशी.

मग तुकड्या-तुकड्यांत कळलं
की लुगडं विणून झालं होतं एकदा,
गोळीबार चौकातल्या आमच्याच मागावर,
हिरवं, करवती काठाचं.
ते मागावर होतं तेवढे दिवस
बाबा विडी ओढायला गल्लीत जायचे.
आणि शेवटचा धागा तोडला त्याच आठवड्यात
माझी बारावीची फी आली.
इतवारीतल्या शेठनं घडी न उलगडता
पैसे मोजले.
आईनं देवीकडं बघायचं टाळलं,
आधी वर्षभर, मग कायमचंच.

मी पास झाले. त्या लुगड्यावर.
नोकरी लागली. त्या लुगड्यावर.
लोकांना नोटिसा पाठवते
त्याच लुगड्यावर बसून.

तेरावं झाल्यावर गल्लीत गेले.
आमच्या मागाच्या जागी मोबाइलचं दुकान.
एकच हातमाग वाजत होता, गंगाराम निनावेंचा,
तोही दम लागल्यासारखा, थांबत थांबत.
'पैसे किती घ्याल, काका?'
त्यांनी आकडा सांगितला. मी मान हलवली.
मग म्हणाले, 'कोणासाठी?'
मी सांगितलं.
वाटलं, आता कमी करतील,
निदान सूत तरी देवीच्या नावानं सोडतील.
'नाई बाई. मी सूट देल्ली
त नवस माह्या होईल, तुह्या मायचा नाई.'
आणि विडी विझवून बाहेर ठेवली.

नऊ वार. वर चार बोटं जास्त.
ती चार बोटं बिलात नव्हती.
विचारलं तर म्हणाले, 'ते माह्यं अन् तिचं हाय.'

सकाळीच निघायचं होतं. निघाले चारला.
म्हणतात, कोराडीची देवी सकाळी पोर असते,
दुपारी भरल्या अंगाची बाई,
संध्याकाळी म्हातारी.
आईनं नवस बोलला होता सकाळी,
मला कडेवर घेऊन, एका पोरीसमोर.
फेडायला मी पोचले तेव्हा
दिवे लागले होते,
तलावापलीकडं औष्णिक केंद्राच्या चिमण्या
लाल डोळे मिचकावत होत्या,
आणि गाभाऱ्यात म्हातारी बसली होती.

इतकी वर्षं थांबलेली.
एक नोटीस नाही.
एकदाही लाइन कापली नाही.

ओटीवाल्या खिडकीतल्या मुलानं
लुगडं घेतलं, ढिगावर टाकलं.
ढीग मोठा होता, बहुतेक चकचकीत, यंत्राचा.
मला माहीत आहे त्याचं पुढं काय होतं.
तरी हात आत घालून
मी तेवढी एक घडी सरळ केली,
काठ वर आणला.
मुलगा काही बोलला नाही.
'नाव?'
'कौसाबाई ठवकर.'
'पावती पायजे?'
तोंडून हो निघता निघता थांबलं.
'नको.'

पायऱ्या उतरताना गुडघे दुखत होते,
आईचे दुखायचे तसे.
चपला ठेवायचे पाच रुपये.
पर्समध्ये एकच नोट, पाचशेची.
स्टँडवरच्या पोरानं ती उजेडाकडं धरली, परत दिली.
'राहू द्या ना ताई. पुढच्या टायमाले द्याल.'

आमच्या खात्यात असा रकाना नाही.
मी चपलांत पाय घातले, उभी राहिले.
'नाव काय रे तुझं?'
'कायले?'
'लिहून ठेवते.'

तो हसला. नाव काही सांगितलं नाही.