एक जून

आयर्विन पुलाखालच्या पट्टीवर आज
अकरा फूट सात इंच.
तेवीस वर्षं हेच लिहितोय,
सकाळी आठला, पुरात तासातासाला,
आणि आज पहिल्यांदाच वहीच्या समासात
दुसरे आकडे मांडले.

बेसिकच्या निम्मे.
वजा, राहिलेल्या तीन वर्षांच्या तीन वाढी.
चाळीस टक्के आत्ताच विकले
तर पंधरा वर्षांनी परत चालू.
म्हणजे पंचावन्नला सुटलो तर सत्तराव्या वर्षी,
अठ्ठावन्नला सुटलो तर त्र्याहत्तराव्या.
आमच्या घरात त्र्याहत्तर
अजून एकाही पुरुषानं पाहिलेलं नाही.

आस्थापनेच्या नदाफबाई चष्म्यावरून बघतात.
"मगदूम, तीस जूनला सुटू नका.
एक जुलैची सही करा, वाढ पदरात पाडा,
मग दोन तारखेला जा की खुशाल.
एका दिवसाचे तीन टक्के, जन्मभर.
कुठली बँक देईल?"
अर्जावर तारीख त्या पेन्सिलीनं घालतात,
खोडायला सोपी म्हणून.

नेमगोंडा थांबला होता शेवटच्या दिवसापर्यंत.
नारळ, शाल, ग्रुप फोटो, पुरी पेन्शन.
चार महिने उचलली.
पाचव्या महिन्यात त्याची बायको दाखला घेऊन आली,
हयातीचा नव्हे.

आणि शिकलगारमामा, पन्नासला सुटलेले,
आता ऐंशीचे,
दर नोव्हेंबरला जिवंत असल्याचं सांगायला येतात
आणि कोषागाराच्या कट्ट्यावर बसून तोच हिशोब ऐकवतात:
घाई झाली रे पोरा,
महिन्याला एवढे कमी, गुणिले बारा, गुणिले तीस.
गुणाकार संपला की
दात नसलेलं तोंड भरून हसतात.

कोयनेतून लवकर सोडलं तर आम्हीच म्हणतो,
उन्हाळ्यात काय पिणार?
उशिरा सोडलं तर म्हणतो, झोपला होता काय?
दार उघडणाऱ्याला
पाऊस किती शिल्लक आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

त्यात माझी जन्मतारीख.
कसबे डिग्रजच्या शाळेत उपाध्ये गुरुजींनी
एका बैठकीत अकरा पोरं
एक जूनला जन्माला घातली.
त्यातली सहा सरकारात लागली.
सहाही जणांना एकतीस मेला निरोप,
वाढीच्या बरोबर एक महिना आधी.
गुरुजींना बिचाऱ्यांना काय ठाऊक.
त्यांना हजेरीपट लवकर संपवून
चहाला जायचं असेल.

आई म्हणायची, तू झालास तेव्हा
पाणी बस्तीच्या पायरीवरून उतरत होतं.
अंगणात बोटभर गाळ.
सुईण चपला हातात घेऊन आली,
आणि पाय धुवायला स्वच्छ पाणी मागितलं तर
सगळीकडं पाणी असून घरात तांब्याभर नव्हतं.

मग परवा रद्दीच्या खोलीतून
त्या सालची पातळीची वही काढली.
अनोळखी हातातले आकडे, वळणदार:
बेचाळीस. एकेचाळीस. अडतीस. तेहतीस.
या उतरत्या पाण्यात कुठंतरी मी.
सत्तावीस ऑगस्टनंतर शाई फुटलीय,
पान चिकटलंय पुढच्या पानाला.
सोडवायला गेलो नाही.

नदाफबाईंची तारीख रबरानं पुसली.
शाईनं लिहिलं, अठ्ठावीस ऑगस्ट.
तीन महिन्यांची नोटीस त्यात बसते.
वाढही बसते, नाही म्हणत नाही.
बाई विचारतील, मग जुलै संपवून ऑगस्ट कशाला?
सांगेन, पुराचे दिवस, पट्टीवर माणूस हवा.
एवढं खोटं चालतं,
त्यातलं अर्धं खरंच आहे.
कारणाच्या रकान्यात: वैयक्तिक.

संध्याकाळी घरी जाताना पुलावर थांबलो,
सवयीनं खाली वाकून पाहिलं.
अकरा फूट सहा.
एक इंच कुठं गेला
हे वहीत लिहायला रकाना नाही.