दुसरा लेग

रात्री साडेबाराला सामना सुरू होतो.
तिकडे तेव्हा नऊ, लोक मफलर घालून आलेले.
इकडे इंदोऱ्यात एप्रिल,
भिंतीला हात टेकवला तर दुपार हाताला लागते.
कूलर फुल्लवर. त्याच्या तोंडाशी बाबा,
लुंगी गुडघ्यापर्यंत, डावा पाय स्टुलावर, पट्टीत.

"क्वार्टर फायनलचा दुसरा लेग आहे," मी म्हणाले.
"लेग म्हणजे पायच ना वं?
मग पहिल्या पायानं काय केलं?"
"दोन-एकनं हरला."
"असू दे. दुसरा आहे न."

बाबा कोणत्याच क्लबचे नाहीत.
ते फक्त लेफ्ट बॅक पाहतात.
बॉल कुठेही असो, त्यांची नजर पडद्याच्या त्या कडेला
जिथे एकटा माणूस मागे सरकत, हात वर करून ओरडतो
आणि कॅमेरा त्याला अर्धाच दाखवतो.
"पाह्य, किती जागा सोडली यानं!
कामठीत असता तर शफाअतनं गोलमधून शिव्या घातल्या असत्या."

शफाअत त्यांचा गोलकीपर,
कोळशाच्या वखारीत कामाला.
त्यानं अडवलेल्या बॉलवर
दहा बोटांचे काळे ठसे असायचे.

अठ्ठ्याहत्तर सालची सेमी फायनल: एकास एक,
अंधार पडला, ग्राउंडवर दिवे नाहीत.
रेफ्रीनं खिशातून चार आणे काढून उडवले,
काडीच्या उजेडात वाकून पाहिले.
छापा मागितला होता.
हरल्याचं बाबांना फारसं नाही,
पण ते चार आणे त्यानं परत खिशात टाकले.
"आमचं वरीस होतं वं त्यात.
त्यानं त्याचं पान खाल्लं असन."

नव्वद मिनिटं. दोन्ही मिळून तीन-तीन.
"बाहेरगावचा गोल जास्त मोजा न मग."
"तो नियम काढून टाकला, बाबा."
"काऊन? परक्या ग्राउंडवर खेळणं
सोपं झालं का आता?"
मला सांगता आलं नाही.
जादा वेळ. मग पेनल्टी.

वरच्या मजल्यावर पॉलिटेक्निकचे पोट्टे राहतात.
त्यांचं नेट आमच्यापेक्षा चार सेकंद पुढे.
आमचा खेळाडू अजून बॉल ठेवतोय,
पांढऱ्या ठिपक्याजवळचं गवत बुटानं दाबतोय,
आणि वर छत दणाणतं.
किंवा नुसतं एक लांब "अरेऽ".
बाबांना कूलरमुळे ऐकू येत नाही.
मला येतं.
चार सेकंद मी तोंड सरळ ठेवते.

सोमवारी मेयोत डॉक्टर मला बाहेर बोलावून बोलले,
पॅसेजमध्ये, जिथे पाण्याच्या टाकीला
स्टीलचा ग्लास साखळीनं बांधलाय.
बोटं नाही वाचणार. पाऊल वाचतं का पाहू. शुक्रवारी या.
मी ग्लासभर पाणी प्याले. आत गेले.
"काय म्हणते?"
"शुगर वाढली म्हणते."

पाचवी पेनल्टी मारायला लेफ्ट बॅकच आला.
बाबा पुढे सरकले.
पट्टीतला पाय स्टुलावरून उतरून
आपोआप थोडा मागे गेला.
वर एकदम शांत.
"अरे"सुद्धा नाही.
मी चहाचा कप उचलला. रिकामा होता,
तरी तोंडाला लावला.

पडद्यावर तो धावत येत होता,
अजून काहीच झालेलं नव्हतं,
आणि बाबा पडद्याकडे पाहत नव्हते.
"गेला न बाहेर?"
मी कप खाली ठेवला.
"सोमवारपासून पाहून राहिलो तुझं तोंड."

बॉल बारवरून लोकांत गेला.
तिथे कोणी तरी तो झेलला, परत फेकला.
बाबांनी वाकून कूलर बंद केला.
किती मोठा आवाज होता तो,
बंद झाल्यावर कळलं.

"शुक्रवारी किती वाजता?"
"साडेनऊ."
"नाणं तं नाही उडवत न ते?"
मग पाय दोन्ही हातांनी उचलून
परत स्टुलावर ठेवला, जपून,
दुसऱ्या कोणाचा ठेवावा तसा.
"शफाअतच्या पोराला फोन कर सकाळी.
त्याची गाडी मोठी आहे.
लांब करून बसता येते."